त्या बेटातला बांबू

पुणे
६ जानेवारी २०२५

प्रिय विठ्ठल,

फोनवर मला हल्ली माणसाच्या आवाजाआधी कानातल्या यंत्राची शिट्टी ऐकू येते, म्हणून आपलं पुन्हा पत्रच. शिवाय बातमी अशी आहे की ती सांगायला मला जरा दम खावा लागणार आहे.

माझी नात शाल्मली महागावला येते आहे, आपल्या नाल्यावर पूल बांधायला! तिनं हे सांगितलं तेव्हा मी खुर्चीतून उठून तिच्या पाठीवर थाप मारली. नाला ओलांडायचा बुटका रपटा वाहून गेल्यापासून मधली आळी आणि पलीकडचा तांडा एकमेकांकडं नुसते बघत बसलेत. ते इतक्या वर्षांत कोणाला जोडता आले नाहीत आणि माझी नात जोडणार. मी म्हटलं, "शाब्बास! किती वर्षं टिकेल?"

म्हणाली, "पंधरा दिवस, आजोबा."

मी यंत्र कानातून काढलं, पुसलं, पुन्हा घातलं. तरी पंधराच दिवस. ही म्हणे सार्वजनिक कला आहे. माणसं जिथं एकमेकांना दिसतात पण भेटत नाहीत, अशा ठिकाणी पायी जाण्यापुरता बांबूचा पूल बांधायचा आणि ठरल्या दिवशी गाठी सोडून काढून टाकायचा. नगरपंचायतीची परवानगीही तेवढ्याच दिवसांची आहे. पूल गेल्यावर लोकांना त्याची उणीव भासली पाहिजे, हा त्यातला मुद्दा. अरे, उणीव तर तिथं आधीपासून ढीगभर पडली आहे! ती भासवायला पुण्याहून माणूस पाठवायची गरज काय, हे मला अजून कळलेलं नाही.

तरी पोर गुणी आहे. तुझ्याकडं राहील. तिला तुझ्या विमलच्या हातचं खाऊ घाल आणि लोकांच्या शिव्यांपासून सांभाळ.

तुझा
नरहर


महागाव
१४ जानेवारी २०२५

नरहरपंत, राम राम.

तुझी नात पोचली. आल्या आल्या नाल्यात उतरली, बेशरमाच्या झुडपात घुसली आणि चिखलानं माखून वर आली. साऱ्या आळीनं तोंडात बोटं घातली. मला ती तेव्हाच आवडली.

पंधरा दिवसांचं ऐकून मीही चाट पडलो. पण तुला एक गोष्ट ठाऊक नाही, ती सांगतो, मग तू हसणार नाहीस.

तांड्यातली लालीबाई तुला आठवत असेल. ती आणि विमल जन्मभर शेजारच्या तासात कापूस वेचत आल्या. रपटा गेला आणि मागोमाग दोघींचे गुडघेही गेले. नाल्यात उतरणं होईना. तेव्हापासून रोज सकाळी ही या काठावर, ती त्या काठावर, आणि मधून आरडाओरडा. दोघींच्या सुनांची कुचाळकी अख्ख्या आळीला फुकटात ऐकायला मिळायची. पण दिवाळीनंतर विमलला न्यूमोनिया झाला. वाचली, आवाज मात्र गेला. घरातल्या घरात ऐकू येतो इतकाच राहिला. आणि लालीबाईच्या डोळ्यांत मोतीबिंदू, तिला दिसते ती फक्त सावली. आता ती पलीकडून हाक मारते, "विमलबाई, आज बी नाय आली का वं?" आणि ही समोरच उभी असते, नरहर. हात हलवत उभी असते.

ते मला बघवत नाही. म्हणून पंधरा दिवस तर पंधरा दिवस. त्यातला एक दिवस मिळाला तरी मला पुरे.

मी उद्या मुकुटबनला मेव्हण्याच्या घरच्या लग्नाला चाललो. विमलची तब्येत बसच्या प्रवासाची नाही, ती घरीच राहील. पोरीला सांगून ठेवलं आहे की बांबू उमरखेडच्या बाजारातून आण. लग्न उरकून येईतो पूल तयार असेल.

विठ्ठल


महागाव
२४ जानेवारी २०२५

नरहर,

आज राम राम घालत नाही. का, ते कळेलच.

मी बसमधून उतरलो तर नाल्याच्या दोन्ही काठांना माणसंच माणसं. वाटलं, वा, पूल चालू झाला! जवळ गेलो तर पूल पूर्ण बांधून तयार, आणि त्यावर चिटपाखरू नाही. मग मी पुलाकडं पाहिलं.

टोकाला टोक जोडलेल्या हिरव्या बांबूंच्या दोन लांब जुड्या. त्यांच्यावर एकसारख्या आडव्या कामट्या, सुतळीनं आवळलेल्या. दोन्ही अंगांना कठडा, त्यावर पांढरंशुभ्र कापड. आणि दोन्ही टोकांना शिंक्यात टांगलेलं मडकं! अरे, तुझ्या नातीनं नाल्यावर तिरडी बांधली आहे. या काठापासून त्या काठापर्यंत लांब तिरडी!

एवढ्यावर थांबलं असतं तरी मी सावरलो असतो. पण बांबू कुठला? आमच्या वावरातल्या, नाल्याकाठच्या बेटातला. त्या बेटाचा बांबू आमच्याकडं आज्यापासून मांडवाला जात नाही, शिडीला जात नाही. कोणाच्या घरी माणूस गेलं की त्या घरच्यांनी न विचारता यायचं, तोडायचा आणि न्यायचा, आळीतल्यांनीही आणि तांड्यातल्यांनीही. तो बांबू सारं गाव नजरेनं ओळखतं. लोक मला पाहून बाजूला सरकले. एक म्हातारा म्हणाला, "आता फक्त मुडदा यायचा बाकी हाये, विठ्ठलराव. कोणाचा आणता?"

पोर एका टोकाला उभी होती. मला विचारते, "आजोबा, लोक का येत नाहीत? मी स्वतः उड्या मारून पाहिलंय, पूल पक्का आहे." मी तिला बाजूला घेऊन सांगितलं. ती मटकन खाली बसली. पांढरं कापड तिनं संध्याकाळच्या उजेडासाठी लावलं होतं, आणि मडक्यांत झेंडूची रोपं. मग म्हणाली, "मी तिरडी कधी पाहिलीच नाही."

आणि बांबू कोणी दिला म्हणून विचारलं तर म्हणते, विमलआजींनी! विमलला जाऊन विचारलं, "अवं, तू कायले देला?" तिनं भिंतीकडं तोंड फिरवलं. आजारानं हिचं डोकं तर फिरलं नाही ना, या विचारानं मला रात्री अन्न गेलं नाही.

काय करू ते लिही. मला काही सुचत नाही.

विठ्ठल


पुणे
२९ जानेवारी २०२५

विठ्ठल,

काढून टाक. पत्र हातात पडेल त्या घडीला काढून टाक!

तुझं पत्र मी वाचलं, पुन्हा वाचलं. सूनबाईंनी दोनदा पाणी आणून दिलं. एवढ्या शिकलेल्या पोरीला तिरडी ठाऊक नाही, असं कसं होईल, असं आधी वाटलं. मग आठवलं, तिला दिसणार कुठं? आपल्याकडं बायका घाटावर जात नाहीत, आणि इथं इमारतीत तर लिफ्ट आहे. माझी रत्नप्रभा गेली तेव्हा तिला चाकांच्या लोखंडी स्ट्रेचरवर नेली. खाली गाडी उभी होती. बटण दाबलं, दार सरकलं, संपलं. जिनं आजीची तिरडी पाहिली नाही ती गावाच्या तिरडीला पूल समजणारच. दोष कोणाला देऊ?

पण लोक तिला काय म्हणत असतील! तुझ्या घराला काय म्हणत असतील! मी स्वतः येऊन दोन्ही काठांची माफी मागितली असती, पण माझे गुडघे तुला ठाऊकच आहेत. तेव्हा माझ्या वतीनं तूच कोयता घे. पोरीला सांग, आजोबा रागावलेले नाहीत, फक्त हादरले आहेत.

विमलकडं लक्ष दे. अशा आजारात माणूस कधी कधी आतून निरवानिरव करायला लागतं. मला भलतीच शंका येते आहे.

नरहर


पुणे
२ फेब्रुवारी २०२५

प्रिय विठ्ठल,

काल शाल्मलीचा फोटो आला. फोटोखाली एक अक्षर नाही. त्यात तो पूल, ते पांढरं कापड, आणि मधोमध चार माणसांच्या खांद्यांवर विमल. आडवी. दोन्ही काठांना लोक हात जोडून उभे. झेंडूची फुलं पडलेली.

मी पोरीला विचारलं, काय झालं? त्यानंतर तिचा फोन बंदच. मुलगा आणि सूनबाई कोल्हापूरला गेलीत, घरात मी एकटा. तुला फोन लावून शिट्टी ऐकण्यात काय अर्थ आहे, आणि तू तरी आज काय बोलणार! म्हणून हे लिहायला बसलो. अक्षर सांभाळून घे.

विमल गेली यावर विश्वास बसत नाही. तुला कधी सांगितलं नाही, रत्नप्रभा गेली तेव्हा सगळे मला समजावत होते आणि मला एक घास उतरत नव्हता. तेव्हा विमलनं तुझ्याबरोबर ज्वारीचं पीठ आणि लोणच्याची बरणी पाठवली होती. सोबत चिठ्ठी नव्हती, निरोप नव्हता. तू गेल्यावर मी स्वयंपाकघरात एकट्यानं जाड, वेडीवाकडी भाकर थापली आणि त्या लोणच्याशी खाल्ली, आणि तेव्हा पहिल्यांदा मोठ्यानं रडलो. तिला हे सांगायला एकदा यायचं होतं. दर वर्षी ठरवायचो आणि दर वर्षी गुडघ्यांचं निमित्त पुढं करायचो. गुडघे इतकेही वाईट नाहीत रे. तुम्ही दोघं दारात उभे आणि मी एकटा उतरणार, ते मला नको वाटायचं.

स्वतःला सांभाळ. लालीबाईला कोणी सांगितलं का?

तुझा
नरहर


पुणे
३ फेब्रुवारी २०२५

विठ्ठल,

काल पाठवलेलं पाकीट उघडू नकोस! न उघडता चुलीत घाल.

मुलगा आज परतला आणि त्यानं तुझ्या घरी फोन केला. फोन विमलनंच उचलला. तो हे मला सांगायला आला तेव्हा मी देवापुढं दिवा लावत होतो. काडी माझ्या बोटापर्यंत जळली तरी मला कळलं नाही. मी तसाच पोस्टात गेलो, म्हटलं माझं पाकीट परत द्या. ते म्हणाले, गाडीनं गेलं.

विमलला यातलं काही सांगायचं नाही. तुला शपथ आहे.

नरहर


महागाव
८ फेब्रुवारी २०२५

नरहरपंतांना विठ्ठलचा आणि हयात असलेल्या विमलचा राम राम.

तुझी दोन्ही पाकिटं एकाच दिवशी आली. "उघडू नकोस" हे तू आत लिहिलं होतंस, बाहेर नाही. आधी कोणतं फोडावं? मी शेतात होतो. विमलनं चष्मा लावला आणि हाताला आलं ते फोडलं. मी आलो तर बाजेवर बसून वाचत होती. मला म्हणाली, "नरहरभाऊजी लिहून राह्यले, विमल गेली. कुठी गेली वं मी?" पुढं लोणच्याचं आलं तेव्हा मात्र तिनं पत्र मांडीवर ठेवलं. चष्मा काढून पदरानं पुसत बसली. नंतर पत्र तिनं आपल्या पेटीत ठेवून दिलं, मला परत दिलं नाही.

आता त्या दिवशीचं सांगतो.

तुझ्या हुकुमाप्रमाणं मी कोयता घेऊन नाल्यावर गेलो. पाहतो तर पलीकडून लालीबाईचा मुलगा डोंगरसिंगही कोयता घेऊन आलेला. इतक्या वर्षांत दोन्ही काठांचं पहिल्यांदा एका गोष्टीवर एकमत झालं, आणि ती गोष्ट पूल तोडणं! लोक जमले. तुझी नात रडत होती, पण आडवी आली नाही. मी पहिल्या गाठीवर कोयता ठेवला आणि मागून काठीचा आवाज आला.

विमल. आजारपणानंतर पहिल्यांदा अशी तयार होऊन. लग्नाकार्यातलं लुगडं नेसून, शाल गुंडाळून.

"कोणाच्या वावरातला बांबू हाये?" तिनं विचारलं. आवाज केवढासा, पण लोक इतके चूप झाले होते की पलीकडंही गेला. "माह्या. मीच देला पोरीले, समजून-उमजून देला. उमरखेडचा बांबू वाळलेला, कडाकडा मोडते. ह्या बांबूनं इकडचे माणसं नेले अन् तिकडचे बी नेले. आजलोक कोणाले पाडलं काय? सांगा ना!"

माझ्या हातातला कोयता कधी खाली आला, मला कळलं नाही. मी म्हटलं, "अवं, पण ह्याच्यावर माणूस मेल्यावर जाते!"

ती माझ्याकडं पाहून म्हणाली, "हो त. आडवं त एक दिवस जायचंच हाये. एकदा उभं जाऊन पाहू द्या ना मले."

आणि गेली! नरहर, मी हिचा नवरा, सात फेरे घेतलेला माणूस, आणि माझा पाय त्या कामटीवर पडेना. हिची काठी टक टक करत पुढं चाललेली. बांबू करकरला की दोन्ही काठांवरच्या बाया डोळे मिटून घ्यायच्या. मधोमध तिला खोकला आला. ती थांबली, कठडा धरून खोकली, पुन्हा चालायला लागली.

पलीकडं लालीबाई उभी. तिला काही दिसेना. "कोण येऊन राह्यलं रे?" ती विचारते आणि कोणी उत्तर देईना. कोणाची हिंमतच होईना. विमल पोचली आणि तिनं तिच्या गालाला हात लावला. लालीबाईनं तो हात धरला, एकेक बोट चाचपलं. कापूस वेचून चिरलेली बोटं आहेत ती, ती कशी विसरेल? तिनं विमलच्या खांद्यावर एक जोराची चापट हाणली.

"इतके दिस कुठी मेली होती वं?"

"म्हणून त ह्या बांबूवरून आली," विमल म्हणाली.

मग दोघी रडल्या का हसल्या, ते मला या काठावरून कळलं नाही. माझेच डोळे भरले होते.

दुपारपर्यंत तिथंच बसल्या. परत यायची वेळ झाली तेव्हा विमलचे गुडघे धरले, उठता येईना. डोंगरसिंगनं बाज आणली. तांड्यातले दोन आणि आमच्या आळीतले दोन, अशा चौघांनी तिला उचलून पुलावरून आणली. चार खांदे आणि वर आडवं माणूस दिसलं की आपल्या लोकांचे हात आपोआप जोडले जातात. सवय, दुसरं काय! कोणीतरी मडक्यातली झेंडूची फुलंही टाकली. आणि ही वरून काय म्हणते, ऐक: "उभी गेली अन् आडवी आली. आता राम नाम काहून नाही म्हणत रे?" काही जण हसले. काही जणांच्या अंगावर सर्रकन काटा आला, त्यातला एक मी. तुझ्या नातीनं नेमका तेव्हा फोटो काढला, तुला धाडला, आणि त्या गर्दीत तिचा फोन नाल्यात पडला. अजून सापडलेला नाही.

त्यानंतर जो तो पुलावरून जाऊ लागला. ज्या म्हाताऱ्यानं मला मुडद्याचं विचारलं होतं, तो रोज दोनदा तांड्यात चहाला जायचा. लालीबाई दररोज आमच्या ओसरीवर यायची.

परवा ठरल्याप्रमाणं पोरीनं पूल सोडला. लोक म्हणाले, राहू दे. ती म्हणाली, बोलीप्रमाणं काढायलाच पाहिजे. आणि तिथं मी पुन्हा हादरलो. बांबू खाली पडले तशा विमल आणि लालीबाई त्यांच्यात फिरून एकेक निवडायला लागल्या. "ह्या दोन माह्या. ह्याच्यावर मी चालली, हे ओळखीचे हायेत." लालीबाईनं हातानं चाचपून दोन घेतले. मग पाहता पाहता दोन्ही काठांची म्हातारी माणसं पुढं झाली, आणि आठवडी बाजारात भाजी घ्यावी तशी आपापल्या तिरडीचे बांबू घासाघीस करून वाटून घ्यायला लागली! मी आयुष्यात असं कधी पाहिलं नव्हतं. सगळे माझ्या गोठ्यात खुणा करून ठेवलेत.

मी घेतले नाहीत. मला अजून धीर होत नाही.

विठ्ठल


पुणे
१३ फेब्रुवारी २०२५

प्रिय विठ्ठल,

शाल्मली परत आली. तिच्या हातांना सुतळीचे वळ आहेत. मी ते पाहात होतो तर म्हणाली, "आजोबा, तिरडीची गाठ कशी असते ते आता मला येतं. विमलआजींनी शिकवली." ऐकून मी दचकलो. मग म्हटलं, ठीकच आहे. घरात कोणाला तरी यायला हवी.

तुझं पत्र मी किती वेळा वाचलं ते विचारू नकोस. विमलनं माझं पत्र वाचलं याची लाज वाटायला हवी होती, ती वाटली नाही. हलकं वाटलं. त्याचंच मला आश्चर्य वाटतं आहे.

आता एक काम सांगतो, नाही म्हणू नकोस. त्या गोठ्यात माझ्यासाठीही दोन ठेव. मला ते चाकांचं स्ट्रेचर नको आहे. मुलाला सांगून ठेवलं, वेळ आली की मला महागावला न्या. तो चिडला आणि उठून गेला, पण ऐकेल. बांबूवर माझं नाव घाल, नाहीतर आपल्या आळीतले पळवतील.

नाला आता पुन्हा पहिल्यासारखा का?

नरहर


महागाव
१९ फेब्रुवारी २०२५

नरहर, राम राम.

नाला पुन्हा पहिल्यासारखा. पूल गेल्यावर दोन दिवस विमल काठावर नुसती उभी राहिली आणि लालीबाई तिकडून हाका मारत राहिली. मला वाटलं, संपलं सारं. तिसऱ्या दिवशी सकाळी मी दात घासत होतो तर नाल्यातून ओरडा ऐकू आला. पाहतो तर डोंगरसिंग आणि आणखी तिघं लालीबाईला बाजेवर घालून चिखलातून, बेशरमातून वर चढतायत, आणि ती वरून त्यांना शिव्या घालते आहे! राख माझ्या तोंडातच राहिली. आता एक दिवस तिची बाज इकडं येते, एक दिवस विमलची तिकडं जाते. खांदे दोन्हीकडचे.

तुझ्यासाठी दोन बांबू ठेवले. सरळ आणि मजबूत पाहून ठेवले, पुलाच्या मधल्या भागातले. नाव विमलनं खिळ्यानं कोरलं. त्या नादात मीही माझे दोन काढून घेतले, तुझ्या शेजारीच ठेवलेत.

पण विमल शेजारी बसून हे पत्र लिहवून घेते आहे आणि म्हणते, भाऊजींना अट सांगा. ज्यानं त्या बांबूवर एकदा उभं पाऊल टाकलं त्यालाच ते मिळणार, बाकी कोणाला नाही. लोणचं नवीन घातलं आहे. गुडघ्यांचं तू स्वतःच लिहून बसला आहेस, तेव्हा ते कारण गेलं. एकट्यानं उतरायचं जड वाटत असेल तर आम्ही दारात उभे राहणार नाही, दोघंही स्टँडवर येऊ. नाला ओलांडायला बाज आहे.

तुझे दोन्ही बांबू मी उद्या अंगणात आडवे टाकून ठेवतो. आडवा यायच्या आधी एकदा उभा ये.

विठ्ठल